देव युद्ध होऊ का देतो? आधी प्रश्न नीट मांडू

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

'देव युद्ध होऊ का देतो?' या विषयावर आपल्या सदरात आलेली पत्रे वाचली. कोणी गीतेचा श्लोक देऊन, कोणी कुराणातली आयत किंवा बायबलमधले वचन देऊन निकाल लावला आहे. उरलेल्यांनी 'देवच नाही' एवढ्यावर विषय मिटवला आहे. दिलेली वचने बहुतेक बरोबर आहेत. पण ती वेगळ्याच प्रश्नाची उत्तरे आहेत.

इथे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. माणसाने शस्त्र केव्हा उचलावे, उचलावे की नाही, हा एक, तो आचाराचा. सगळे जाणणारा, सगळे करू शकणारा आणि दयाळू असा ईश्वर असेल तर तो युद्ध घडूच का देतो, हा दुसरा. तो ईश्वराच्या न्यायाचा. धर्मग्रंथांत पहिल्याबद्दल भरपूर सामग्री आहे, नियम-अपवादांसकट. दुसऱ्याबद्दल त्या मानाने थोडी आहे, आणि तीही पुष्कळदा तक्रारीच्या सुरात. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला जोडले की 'अन्यायाविरुद्ध लढणे कर्तव्य आहे' या वाक्याचे हळूच 'हे युद्ध देवालाच हवे होते' असे वाक्य होते. ज्याने युद्ध पेटवले त्याला याहून सोयीचे काही नाही.

गीतेचेच घ्या. पहिल्या अध्यायात अर्जुन 'तू हे होऊ का देतोस?' असे विचारतच नाही. कुलक्षय होईल, पितरांचे पिंड बुडतील, गुरूंना मारून मिळालेले राज्य काय करायचे, ही त्याची अडचण आहे. म्हणजे 'मी काय करू?' हा प्रश्न. गीता त्याचे उत्तर देते, आणि तेही समेटाचे सारे मार्ग संपल्यावर. त्याआधी अख्खे उद्योगपर्व आहे: पाच गावांवर तडजोड करण्याची तयारी, कृष्णशिष्टाई, सुईच्या अग्रावर मावेल इतकी जमीनही देणार नाही हे दुर्योधनाचे उत्तर, आणि दूत म्हणून आलेल्या कृष्णाला बांधून ठेवण्याचा डाव. हे वगळून नुसता 'हतो वा प्राप्स्यसि स्वर्गम्' उद्धृत करणे म्हणजे खटल्यातला पुरावा बाजूला ठेवून निकालाची एक ओळ वाचून दाखवणे. ईश्वर आणि माणसाचे कर्म यांच्या संबंधाबद्दल गीतेचे अधिक थेट विधान पाचव्या अध्यायात आहे. प्रभू लोकांचे कर्तृत्व निर्माण करत नाही, कर्मेही नाही (५.१४), तो कोणाचे पाप घेत नाही आणि पुण्यही नाही (५.१५). या दोन श्लोकांचा आधार घेऊन 'देवाने युद्ध घडवले' असे म्हणता येत नाही. अकराव्या अध्यायातला 'कालोऽस्मि' उलट बाजूला झुकतो, हे खरे. तिथे कृष्ण स्वतःला लोकांचा क्षय करणारा काळ म्हणतो आणि अर्जुनाला निमित्तमात्र व्हायला सांगतो. पण तेही विश्वरूपाचे दर्शन आहे. ते पाहून अर्जुन निश्चिंत होत नाही, थरथर कापतो. आणि अठराव्यात शेवटी काय, तर 'यथेच्छसि तथा कुरु'.

दुसरा प्रश्न महाभारतात आहेच, पण गीतेबाहेर. आणि तो विचारणारी माणसे देवाला मानणारी आहेत. वनपर्वात द्रौपदी म्हणते की विधाता प्राण्यांशी मूल खेळण्यांशी खेळते तसा खेळतो. युधिष्ठिर तिला 'हे नास्तिक्य झाले' म्हणून अडवतो. तिचे म्हणणे मात्र ग्रंथात राहते. स्त्रीपर्वात रणांगण पाहिल्यावर गांधारी कृष्णावर नेमका आरोप ठेवते: तुझ्याकडे सामर्थ्य होते, माणसे होती, दोन्ही पक्ष तुझा शब्द ऐकत होते, तरी तू उपेक्षा केलीस. छत्तीस वर्षांनी तुझेही कुळ असेच आपसांत लढून मरेल, हा तिचा शाप. यावर कृष्णाचे उत्तर मऊ नाही; पुढच्याच अध्यायात तो तिला दुर्योधनाच्या बाबतीतला तिचा स्वतःचा दोष दाखवतो. तरीही शाप टळत नाही. मौसलपर्वात, छत्तिसाव्या वर्षी, यादव एकमेकांना मारून संपतात. आरोप खोडून काढणे ग्रंथकर्त्याच्या हातात होते, त्याने तो खरा होऊ दिला. देवाची बाजू घेऊन लिहिणाऱ्यांनी हा भाग का वगळला असेल, ते समजते.

तिसरा प्रसंग आश्वमेधिक पर्वातला, आणि या विषयाला सर्वांत जवळचा. द्वारकेला परतताना वाळवंटात कृष्णाला उत्तंक ऋषी भेटतात आणि विचारतात, 'काय, कौरव-पांडवांचा समेट केलास ना?' सारे मेले हे कळल्यावर ते संतापतात: समर्थ असून तू त्यांना वाचवले नाहीस, मी तुला शाप देतो. कृष्णाचे उत्तर असे की ज्या योनीत मी जन्म घेतो तिच्याप्रमाणे वागतो. आत्ता माणूस आहे, म्हणून माणसासारखी दीनपणे विनवणी केली, भीतीही दाखवली. मोहात पडलेल्यांनी ऐकले नाही. हे 'सारे ठरलेलेच होते' असे उत्तर नव्हे. देवाने स्वतःवर घातलेल्या मर्यादेचे उत्तर आहे. याच वळणावर पुढे पुष्कळ धर्मचिंतक आले. सोळाव्या शतकात साफेद इथल्या आयझॅक लुरियाच्या यहुदी गूढवादात ईश्वर सृष्टीला जागा करून देण्यासाठी आकुंचन पावतो. हान्स जोनास या यहुदी तत्त्वज्ञाने 1984 साली आउश्वित्झ या नाझी मृत्युछावणीनंतरच्या ईश्वराबद्दल बोलताना याच कल्पनेचा धागा धरून म्हटले की आपल्याला सर्वशक्तिमान ईश्वराची कल्पना सोडावी लागेल. त्यांची आई आउश्वित्झमध्ये मारली गेली होती.

कुराणाबाबतही हाच घोटाळा होतो. बाविसाव्या सूरेतल्या (अध्यायातल्या) 39-40 या आयतींत ज्यांच्यावर युद्ध लादले गेले त्यांना लढण्याची मुभा आहे. कारण देवाने काही लोकांना दुसऱ्या काही लोकांकरवी आवरले नसते, तर मठ, चर्च, यहुद्यांची प्रार्थनास्थळे आणि मशिदी पाडल्या गेल्या असत्या. दुसऱ्या सूरेतली 190 वी आयत सांगते, जे तुमच्याशी लढतात त्यांच्याशी लढा, पण मर्यादा ओलांडू नका. हे सारे आचाराचे नियम. ईश्वराला विचारलेला प्रश्न त्याच सूरेत खूप आधी, 30 व्या आयतीत येतो, आणि तो देवदूत विचारतात: पृथ्वीवर जो उत्पात माजवील आणि रक्त सांडील अशाला तू तिथे नेमणार? उत्तर एका ओळीचे आहे: तुम्हाला माहीत नाही ते मला माहीत आहे. म्हणजे माणूस घडण्याआधीच रक्तपाताचा आक्षेप नोंदवला गेला आहे, आणि त्याला खुलासा मिळालेला नाही. उहुदच्या लढाईत (इ.स. 625) हार झाल्यावर 'हे कुठून ओढवले?' असे पैगंबरांचे अनुयायी म्हणाले, त्याला तिसऱ्या सूरेत (165) उत्तर आहे: तुमच्याकडूनच.

ईश्वराचा न्याय आणि माणसाची कृत्ये यांचा मेळ घालताना मुस्लिम धर्मचिंतनात दोन प्रवाह झाले. मुअतझिला पंथाचे म्हणणे असे की न्याय ईश्वरावरही बंधनकारक आहे. तो अन्याय करत नाही, म्हणून माणसाची कृत्ये माणूसच निर्माण करतो. अशअरी पंथ म्हणतो, प्रत्येक कृत्य ईश्वरच निर्माण करतो आणि माणूस ते फक्त 'कमावतो'. ईश्वर जे करील तोच न्याय. दोन्हींची किंमत मोजावी लागते. पहिल्यात ईश्वराच्या सत्तेतून माणसाच्या कृतींचा प्रांत वजा होतो. दुसऱ्यात 'ईश्वर चांगला आहे' या वाक्याला आपल्या ओळखीचा अर्थ उरत नाही. ख्रिस्ती परंपरेत सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन यानेही, ईश्वर नुसते 'होऊ देतो' ही पळवाट आहे, त्याच्या इच्छेबाहेर काही घडत नाही, असे ठामपणे म्हटले. मला कॅल्विन पटत नाही. पण तो निदान शब्दांच्या आड लपत नाही.

आता सर्वांत जास्त दिले जाणारे उत्तर: इच्छास्वातंत्र्य. याचे तीन भाग आहेत. प्रेम, त्याग, न्याय यांना मोल यायचे तर ते स्वेच्छेने केलेले हवे. स्वेच्छा खरी असायची तर वाईट निवडण्याचीही मोकळीक हवी. आणि प्रत्येक वाईट निवडीचा परिणाम ईश्वर हवेतच अडवू लागला, तर ती मोकळीक नावापुरती राहील. गोळी सुटताच तिचे पाणी होत असेल तर गोळी न झाडण्यात पुण्य कसले? अमेरिकी तत्त्वज्ञ आल्विन प्लँटिंगा यांनी 1974 साली या युक्तिवादाला काटेकोर तार्किक रूप दिले. त्यांनी दावा मात्र मर्यादित ठेवला, आणि नेमके हेच सांगायचे राहून जाते. ईश्वर आणि दुष्टता एकत्र असण्यात तार्किक विसंगती नाही, एवढेच त्यांना दाखवायचे होते. ईश्वराचे प्रत्यक्ष कारण काय हे आपल्याला कळले आहे, असे ते म्हणत नाहीत. बचाव वेगळा आणि स्पष्टीकरण वेगळे.

हा युक्तिवाद खून-चोरीपर्यंत बऱ्यापैकी चालतो; युद्धापाशी तो अडखळतो. युद्धात निवड करणारे थोडे आणि भोगणारे असंख्य असतात. सक्तीने भरती केलेल्या सैनिकाला लढायचे की नाही हे विचारले जात नाही, वेढ्यात उपाशी मरणाऱ्या तान्ह्या मुलाला तर काहीच नाही. तिथे एकाची मोकळीक हजारोंची मोकळीक संपवते. स्वातंत्र्य इतके मोलाचे असेल तर त्या हजारोंचे का राखले नाही? दुसरी अडचण मर्यादेची. माणसाला उडता येत नाही म्हणून तो कमी स्वतंत्र ठरत नाही. मग एका आज्ञेने शहर जाळण्याची क्षमता नसती तर कोणते स्वातंत्र्य बुडाले असते? या दुसऱ्या आक्षेपाला मला आजवर समाधानकारक उत्तर सापडलेले नाही. दुःखातून माणूस घडतो, हा जोडीचा युक्तिवाद, त्याला दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती धर्माचार्य इरिनेअस याची परंपरा म्हणतात आणि विसाव्या शतकात तत्त्वज्ञ जॉन हिक यांनी तो नव्याने मांडला. तो जगलेल्यांच्या बाबतीत काही सांगतो. मेलेल्यांचे घडणे हिक यांनाही मृत्यूनंतरच्या आयुष्यावर सोडावे लागले.

कर्मसिद्धांत हे आपल्याकडचे ठरलेले उत्तर. त्याची मूळ मांडणी वाचली तर पत्रलेखकांचा सूर उतरेल. ब्रह्मसूत्रातले 'वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्' (२.१.३४) हे सूत्र दोन आरोपांचे उत्तर आहे: ईश्वर पक्षपाती आहे आणि ईश्वर निर्दय आहे. शंकराचार्य भाष्यात म्हणतात, तो पावसासारखा आहे. पाऊस भात आणि जव या दोघांनाही सारखाच; फरक पडतो तो बीजामुळे. तसा ईश्वर प्राण्यांच्या कर्मांच्या अपेक्षेने सृष्टी करतो. लगेच शंका येते: सृष्टीच्या आरंभी कर्म कुठून आले? पुढचे सूत्र सांगते, संसार अनादी आहे. टीकाकार म्हणतात की यात प्रश्न फक्त मागे ढकलला. वेदान्ती म्हणतात, आरंभच नसेल तर 'आधी कोण' हा प्रश्नच उभा राहत नाही. हा वाद खरा आहे आणि मिटलेला नाही. पण हे सारे ईश्वरावरचा आरोप हटवण्यासाठी आहे. 'बॉम्बखाली सापडलेल्यांनी मागच्या जन्मी काहीतरी केले असणार' हे विधान त्यातून काढता येत नाही, कारण कोणत्या कर्माचे कोणते फळ हे आपल्याला कळते असे हा सिद्धांत म्हणत नाही. 'गहना कर्मणो गतिः' हेही गीतेतलेच. शिवाय पीडितावर हात उचलणारा आपले नवे कर्म करतच असतो. समोरच्याचे प्रारब्ध त्याला सूट देत नाही.

शिक्षेच्या सिद्धांताचेही तेच. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, दहाव्या अध्यायात, अश्शूरचे साम्राज्य हा देवाच्या क्रोधाचा दंडुका आहे. पण त्याच अध्यायात त्या दंडुक्यालाही गर्वाबद्दल शिक्षा होते. हबक्कूक हा दुसरा संदेष्टा तर देवालाच अडवतो. आधी विचारतो, किती काळ आक्रोश करू? उत्तर येते, मी खास्द्यांना (बाबिलोनच्या लोकांना) उठवतो आहे. त्यावर त्याचा उलट प्रश्न: आपल्याहून नीतिमान असलेल्याला दुष्ट गिळतो, तेव्हा तू गप्प कसा? गुरू नानकांच्या बाबरवाणीत हा सूर सर्वांत धारदार आहे. बाबराच्या स्वारीत झालेल्या कत्तलीबद्दल ते म्हणतात, कर्ता स्वतःवर दोष घेत नाही, मुघलाला यम करून पाठवतो. आणि मग थेट: 'एती मार पई करलाणे तैं की दरदु न आइआ', इतका मार पडला, लोक विव्हळले, तुला कळवळा आला नाही? बलवानाने बलवानाला मारले तर मनात रोष येत नाही. पण सिंह गुरांच्या कळपावर पडला तर जाब धन्याला विचारायचा. गुरू नानकांचा ईश्वर हुकूम चालवणारा आहे, आणि तरीही त्याला जाब विचारता येतो.

निर्माता ईश्वरच न मानणाऱ्या परंपरांना हा दुसरा प्रश्न पडत नाही, म्हणून त्यांचे सारे लक्ष पहिल्यावर राहते. संयुत्तनिकाय या बौद्ध ग्रंथात योद्ध्यांचा एक प्रमुख बुद्धाला विचारतो: रणात मेलेला वीर स्वर्गात जातो असे आमचे जुने आचार्य सांगतात, ते खरे का? बुद्ध दोनदा उत्तर टाळतात. तिसऱ्यांदा सांगतात की मारण्याच्या हेतूने आधीच हीन झालेल्या चित्ताने मेलेला नरकात जातो. प्रमुख रडू लागतो. उत्तर कटू लागले म्हणून नाही, आपल्याला इतके दिवस फसवले गेले म्हणून. जैन कथेत भरत-बाहुबलींच्या सेना समोरासमोर उभ्या असताना मंत्री ठरवतात की भावांनीच दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध करून निकाल लावावा. जरथुश्त्री परंपरेत निर्माता ईश्वर आहे, पण त्या अहुरा मझ्दाच्या विरोधात स्वतंत्र दुष्ट शक्ती उभी आहे; तिथे ईश्वर युद्ध नुसते होऊ देत नाही, तो स्वतः युद्धात आहे.

आणखी एक उत्तर पत्रांत आलेच नाही: देव मारणाऱ्यांबरोबर नसतो, सोसणाऱ्यांबरोबर असतो. तालमूद या यहुदी ग्रंथात (मगिला 10 ब) इजिप्तचे सैन्य समुद्रात बुडत असताना देवदूत स्तोत्र म्हणू पाहतात, तेव्हा देव त्यांना थांबवतो: माझ्या हातची निर्मिती बुडते आहे आणि तुम्ही गाता? जर्मन ख्रिस्ती धर्मचिंतक डीट्रिश बोनहोफर यांनी 1944 च्या जुलैमध्ये नाझी तुरुंगातून लिहिले की फक्त सोसणारा देवच मदत करू शकतो. पुढच्या एप्रिलमध्ये त्यांना फाशी झाली. या उत्तरात एक गोष्ट कायमची गमवावी लागते: विजयासाठी प्रार्थना करण्याचा हक्क. पहिल्या महायुद्धात जर्मन सैनिकांच्या पट्ट्याच्या बकलावर 'देव आमच्याबरोबर' असे कोरलेले होते. समोरच्या खंदकांतही त्याच देवाची प्रार्थना चालू होती. अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या अखेरीस, 4 मार्च 1865 च्या भाषणात लिंकन यांनी हे नेमके मांडले होते: दोन्ही बाजू तेच बायबल वाचतात, त्याच देवाला आळवतात, दोघांच्याही प्रार्थना पूर्ण होऊ शकत नाहीत. युद्ध जिंकत आलेला राष्ट्राध्यक्ष हे बोलत होता, म्हणून त्याला वजन आहे.

कोणते उत्तर खरे, हे पत्रातून ठरणार नाही. पण एखादे उत्तर कोणाला आणि कोणी द्यायचे, याबद्दल बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात स्पष्ट निवाडा आहे. ईयोबाचे मित्र त्याला पदोपदी समजावतात की देव न्यायी आहे, म्हणजे तुझेच काही चुकले असेल. ईयोब देवाशी भांडतो. शेवटी (42.7) देव रागावतो तो मित्रांवर: माझा सेवक ईयोब बोलला तसे तुम्ही माझ्याविषयी योग्य बोलला नाहीत. जर्मन तत्त्वज्ञ काण्टने 1791 मध्ये याच पुस्तकाचा दाखला देऊन ईश्वराच्या वकिलीचे सारे तात्त्विक खटले फसले आहेत, असे लिहिले. घर गमावलेल्या माणसाला शेजाऱ्याने कर्मसिद्धांत ऐकवणे हे त्या मित्रांचेच काम आहे. तोच सिद्धांत त्या माणसाने स्वतःला धीर देण्यासाठी मनाशी धरला, तर मात्र त्यावर बोलण्याचा आपल्याला अधिकार नाही.

आपल्याला एक विनंती. या विषयावर पुढे पत्रे छापताना वचनाबरोबर अध्याय-श्लोकाचा क्रमांक मागावा, आणि त्याच्या मागचा-पुढचा भाग वाचल्याशिवाय ते छापू नये. तलवारींचे नांगराचे फाळ करा असे यशयात (2.4) आहे, नांगराच्या फाळांच्या तलवारी करा असे योएलात (3.10) आहे. दोन्ही एकाच ग्रंथसंग्रहातली. फक्त एकच छापले, तर वाचकाला उरलेल्या अर्ध्याची कल्पनाही येणार नाही.

कळावे.
आपला,
धर्मग्रंथांचा एक अभ्यासक